काखेतले एकशे बारा टाके

३ फेब्रुवारी
ती. मामास,
सा. न. वि. वि.
माझ्या संग्रहातलं वैमानिकाचं तेरावं जाकीट दुरुस्तीला पाठवलंय. आई म्हणते, घरात माणसांपेक्षा वैमानिकच जास्त झालेत. म्हणू दे! ह्या एकासाठी मी चार वर्षं टपून होते. युद्धात विमान चालवलेल्या माणसाचं आहे. पाठ बघ, अख्खं एकच कातडं! विमानातला पट्टा घासून खांद्याचा रंग उडालाय, त्याला हात लावू नकोस. मागच्या खेपेला तू इतकं पॉलिश केलंस की त्यात बघून भांग पाडता आला असता.
काखेतली शिवण तेवढी उसवली आहे. दोरा जुन्याच भोकांतून जायला हवा. एक नवं भोक पडलं तरी चामडं फाटेल. मार्चच्या सुरुवातीला आम्हा संग्राहकांचं प्रदर्शन आहे. तुझ्याशिवाय कुणाच्या हाती द्यायचा धीर होत नाही.
मामीला नमस्कार. लोभ आहेच, जाकिटांपायी तो आटू देऊ नकोस.
तुझी भाची

१९ फेब्रुवारी
चि. भाचीबाईस,
अ. उ. आ.
जाकीट परत पाठवलं आहे. ज्याने बेतलं तो पक्का कारागीर. कॉलर अशी बसवली आहे की मी नुसता बघत राहिलो. एकशे बारा टाके पडले, सगळे जुन्या भोकांतून. उशीर का झाला ते विचारू नकोस.
आईला सांग, वैमानिक जेवायला मागत नाहीत, तेव्हा राहू देत.
तुझा मामा

२४ फेब्रुवारी
ती. मामास,
सा. न. वि. वि.
भिंग लावून बघितलं. जुना टाका कुठे संपला नि नवा कुठे सुरू झाला, कळेना. दुसऱ्याच्या जाकिटाला नावं ठेवल्याशिवाय ज्यांना चहा गोड लागत नाही, ते आमचे जाणकारही गप्प झाले. मामा, आजवरचं तुझं सगळ्यात सरस काम! शेजारी पाटी लावतेय, तुझं नाव ठळक अक्षरांत.
अशीच माया असू दे.
तुझी भाची

२७ फेब्रुवारी
चि. भाचीबाईस,
अ. उ. आ.
पाटी लावू नकोस. वर्षभर माझा उजवा हात कापतोय. दुकानात कुणाला कळू दिलं नाही. तुझं जाकीट पुढ्यात घेऊन तीन दिवस बसलो, सुई टेकवायचं धाडस होईना. शेवटी तुझ्या मामीने ती हातातून काढून घेतली. मी शेजारी बसून सूचना देत होतो. दहाव्या टाक्यानंतर त्याही लागल्या नाहीत.
बत्तीस वर्षं ती माझ्या दोऱ्यांना मेण लावत बसली आणि मी गिऱ्हाइकांना सांगत राहिलो की चामडं हे बायकांचं काम नव्हे. तू सरस म्हणालीस ते खरं आहे. माझ्या हातून इतकं चांगलं कधी झालं नाही. लाज वाटते, आणि अभिमानही वाटतो. तिला कळलं तर हे पत्र टाकू देणार नाही.
रागावू नकोस, एवढंच मागणं.
तुझा मामा

६ मार्च
ती. मामीस,
सा. न. वि. वि.
आजवर तुला मी मामाच्या पत्रातून नुसता नमस्कार धाडत आले, त्याची माफी. पाटीवर तुझं एकटीचं नाव लावलं होतं. लोक वाकून शिवण बघत आणि मग पुन्हा नाव वाचत. मला कुणी कळवलं, ते मामालाच विचार. पण त्याच्यावर चिडू नकोस, फार मोठ्या मनाने लिहिलंय त्याने.
चौदावं जाकीट निघालंय. खिसा पार फाटलाय. कसा सांधायचा, सांधायचा की नाही, ते तू सांगशील तसं. घाई नाही. पार्सल तुझ्या नावाने आहे.
तुझी भाची