अकरा पत्रं परत आली

ती. ताईस धाकटीचा नमस्कार.

आजच्या टपालाने तुझा स्वेटर मिळाला, अगदी मापात बसला. पोस्टात कमी तिकिटांचा दंड भरून आणखी एक पुडकं सोडवलं. त्यात माझीच अकरा पत्रं निघाली, तुरुंगातल्या मैत्रिणीला लिहिलेली. तिने वाचून वाचून घड्या मऊ झाल्यात. वर शिक्का, ‘आता येथे नाही’. सुटली की वारली, कुणी सांगत नाही.

हे म्हणतात, “तोंड तरी पाहिलंस का तिचं?” नाही पाहिलं. रोज देवापुढे तिचं नाव मात्र घेते.

ताई, रागावू नकोस. शेवटच्या पत्रात तुला न विचारता तुझा पत्ता दिला होता. लिहिलं, सुटलीस की माझ्या ताईकडे जा.

कुणी अनोळखी बाई दारात आली होती का गं? हाकलून दिली असलीस तरी मी चकार शब्द बोलणार नाही. आली होती, एवढंच उलट टपाली कळव.

तुझी,
धाकटी