घरचं मीठ

१२ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मिठाची गोणी पोचली. ट्रकवाल्याने दारात आपटली तेव्हा सासूबाईंना वाटलं भिंतच पडली. बाबांना सांग, यंदाचं मीठ पांढरंशुभ्र आहे. शेजारीण चिडवते, सगळं गाव पुडीचं मीठ खातं, तुझाच काय तोरा. मी म्हणते, मिठागरवाल्याच्या लेकीने मीठ विकत आणलं तर बाप तोंड पाहणार नाही.

ढमी आता दोन वर्षांची होईल. अजून उभी राहत नाही, बोलत नाही, झोपते मात्र भरपूर. सगळे म्हणतात, किती गुणाची पोर, रडत म्हणून नाही. मलाच चुटपुट लागलीय. माझा गळाही भरल्यासारखा झालाय, वरचं बटण लागत नाही. दोघींना दवाखान्यात दाखवून येते. आणि हो, पुन्हा दिवस गेलेत. ही बातमी मुद्दाम शेवटी लिहिली, म्हणजे तू पत्र पुरतं वाचशील.

आहे तो लोभ आटू देऊ नकोस.
तुमचं शेंडेफळ

२८ जानेवारी

चि. शेंडेफळास,
अनेक आशीर्वाद.

बाबांना बारीक अक्षर दिसत नाही, तेव्हा तुझं पत्र नेहमीसारखं मीच मोठ्याने वाचून दाखवलं. बातमी ऐकून स्वारी चप्पल न घालताच मिठागरावर पळाली. तुझ्यासाठी वेगळं मीठ निवडताहेत, कुणाला हात लावू देत नाहीत. मी म्हटलं, हत्तिणीचं बाळंतपण आहे का, तर माझ्यावरच उखडले. पुडीच्या मिठात औषध मारलेलं असतं, ते पोटुशीला नको, असं बजावून लिहायला सांगितलंय. बाळंतपणाला तिकडे यायचंही ठरवून टाकलंय.

ढमीची काळजी करू नकोस. मीही उशिरा बोललो म्हणे, आता थांबत नाही. डॉक्टर काय म्हणतात ते कळव, आणि माया पातळ करू नकोस.
दादा

१६ फेब्रुवारी

दादा,

नमस्कारचमत्कार आज राहू दे. डॉक्टरीणबाईंनी माझा गळा चाचपला आणि पहिलंच विचारलं, मीठ कोणतं खाता. मी तोऱ्यात सांगितलं. आपल्या मिठात आयोडीन नसल्यात जमा आहे रे. पुडीच्या मिठात ते घालतात, बाबा ज्याला औषध म्हणतात ते हेच. तुम्ही रोज मासे खाता म्हणून तिकडे कुणाचं बिघडलं नाही. इथे डोंगरात मातीतच नाही, तर भाजीत कुठून येणार. ढमी पोटात होती तेव्हाच तिच्या मेंदूला ते कमी पडलं. गोळ्यांनी थोडी तरतरी येईल, पण गेलं ते भरून निघणार नाही. रडायचीही ताकद नव्हती तिच्यात, आणि आम्ही तिचं कौतुक करत होतो.

पोटातल्याचं वेळेत कळलं, निभावेल, असं बाई म्हणतात. मलाही गोळ्या दिल्यात. पुडीचं मीठ आणलंय. आता गोणी धाडू नकोस. बाबांना काहीही थाप मार, रस्ता बंद आहे म्हण, पण हे कळू देऊ नकोस. ते खचतील.
शेंडेफळ

२ मार्च

चि. शेंडेफळास,
आशीर्वाद.

काय लिहू. पत्र आलं आणि सवयीने बाबांसमोर मोठ्याने वाचायला घेतलं. तुझी शेवटची ओळ दिसली तोवर बाकी सगळं वाचून झालं होतं. मी थांबलो, तर तीही त्यांनी वाचायला लावली.

मग विचारलं, म्हणजे मी पाठवलेलं खाऊन का. मी म्हटलं, बाबा, कुणाला ठाऊक होतं. तुझ्यासाठी भरलेली गोणी त्यांनी स्वतः ओढत नेली आणि खाडीत ओतली. तेव्हापासून कामावर जात नाहीत, जेवतात ते अळणी. तुझ्याकडे यायचं नाव काढलं की म्हणतात, कोणत्या तोंडाने जाऊ. ढमीचा फोटो भिंतीवरून काढून उशाशी घेतलाय. माझ्याने बघवत नाही. तूच काहीतरी लिही.
दादा

२० एप्रिल

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दादा, हे मोठ्याने वाच आणि मध्येच थांबू नकोस.

बाबा, इतके दिवस पेन उचलवलं नाही. खोटं लिहीत नाही, मला राग आला होता. तुमचा, माझा, त्या मिठाचा. अजून गेलेला नाही, आणि काढू कुणावर तेही कळत नाही. पण तुम्हीच तोंड लपवून बसलात तर मी रडायला कुणाकडे जाऊ?

गोळ्या सुरू झाल्यापासून ढमी आवाजाकडे मान वळवते. आजोबा म्हणायला कधी शिकेल, शिकेल की नाही, बाई सांगत नाहीत. रोज दोन्ही हात धरून तिला उभं करा म्हणतात. मला आता वाकायची मनाई आहे. सासूबाईंचे गुडघे गेलेत, हे कामावर असतात. पोर दिवसभर जमिनीवर बसून असते, बाबा. तिचे हात धरायला घरात माणूस नाही.

येताना काही आणू नका. रिकाम्या हातांनी या.
तुमची