पंधरवड्याला अठ्ठेचाळीस

रविवार, १० ऑगस्ट २०२५. दुपार.
आजपासून रोजनिशी. सुखदाच्या प्रकरणात माझं योगदान कुठेतरी नोंदलं गेलं पाहिजे. घरात त्याची नोंद होत नाही.
सुखदा आमची एकुलती एक. मेलबर्नला इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स करते, शेवटचं सेमिस्टर. कॉलेज चालू असताना तिथे विद्यार्थ्यांना पंधरवड्याला फक्त अठ्ठेचाळीस तास काम करता येतं. त्यावर गेलं की व्हिसा गोत्यात. ती एका वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये भांडी घासते. सोसायटीत मी हेल्थकेअर सांगतो. खोटं काहीच नाही त्यात.
आणि तासांचं म्हणाल तर माझा जन्म त्यात गेला. चाकणच्या कंपनीत टाइम ऑफिस इनचार्ज. कोणाचा ओव्हरटाइम कुठल्या महिन्यात दाखवायचा, कोणाची डबल शिफ्ट कुठे जिरवायची, हे मला झोपेतून उठवून विचारावं.
संकल्प : सुखदाचं शिफ्ट शेड्यूल यापुढे मी बनवणार. पद्मजा म्हणाली, तिचं तिला करू द्या. पद्मजा शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिला प्रॅक्टिकल गोष्टी कळत नाहीत.

मंगळवार, १२ ऑगस्ट. सकाळ.
पहाटे उठून नियम वाचायचं ठरलं होतं. उठलो ते बस चुकता चुकता. कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर वाचायला घेतले, मोशीच्या आधीच डोळा लागला. जाग आली तेव्हा बस ट्रॅफिकमध्ये उभी आणि मोबाइल पायाशी.
मुख्य मुद्दा मात्र कळला. पंधरवडा. म्हणजे एक ते पंधरा, आणि सोळा ते महिनाअखेर. पगारपत्रकासारखंच. उगाच लोक घाबरतात.
ऑफिसात ट्रेनी पोरांचं मस्टर केलं. कागदावर प्रशिक्षणार्थी, प्रत्यक्षात तिन्ही शिफ्टला लाइनवर. एकाने परीक्षेसाठी सुट्टी मागितली. डिस्पॅच होता, माल निघायचा होता. नाही म्हणालो. ऑस्ट्रेलियावाले विद्यार्थ्यांचे इतके लाड का करतात कळत नाही.

रविवार, १७ ऑगस्ट.
जेवणानंतर सुखदाचा व्हिडिओ कॉल. रविवारचा नेम आहे. चेहरा उतरलेला. पद्मजाने विचारलं, काय खाल्लंस. ती म्हणाली, टोस्ट. पद्मजाने माझ्याकडे पाहिलं, जणू टोस्ट मी दिला.
सप्टेंबरअखेर तिची मोठी परीक्षा. अभ्यासाला वेळ हवा आहे आणि तास बुडवणंही परवडत नाही. तिला म्हणालो, काळजी सोड. प्लॅन समजावला. एका पंधरवड्याच्या शेवटच्या आठवड्यात दणकून काम. पुढच्या पंधरवड्याच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा दणकून. या दोन आठवड्यांच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा जवळजवळ मोकळा. प्रत्येक पंधरवडा अठ्ठेचाळीसच्या आत. आमच्याकडे डिस्पॅच असला की असंच बसवतो.
तिने विचारलं, "बाबा, नक्की ना? मला आता ते सगळं वाचत बसायला वेळ नाहीये."
मी म्हणालो, सव्वीस वर्षं हेच करतोय. मग ती म्हणाली, तू म्हणतोस म्हणजे बरोबरच असेल. फार बरं वाटलं. लहानपणी सायकल शिकवली तेव्हा म्हणाली होती असं. त्यानंतर आजच.

शनिवार, २३ ऑगस्ट. संध्याकाळ.
उद्धवराव आले. चऱ्होलीतले जुने रहिवासी. आमची बिल्डिंग त्यांच्याच शेतावर उभी आहे आणि ते ती गोष्ट लिफ्टमध्ये सगळ्यांना सांगतात. नातवाला, वरदला, परदेशी पाठवायचं मनात आहे. माझं नाव ऐकून आले होते. कोणाकडून ऐकलं ते नाही सांगितलं. बहुधा माझ्याकडूनच.
तासांचा नियम सांगितला. त्यांना पटेना.
"आन् शिकून झाल्याव काय वो? तवाबी तास मोजत्यात?"
म्हणालो, छे. शिक्षण संपलं की वेगळा व्हिसा. मग तासांची अटच नाही. माणूस मोकळा. उद्धवराव खूश झाले. जाताना म्हणाले, इचार करतो, न्हाईतर आपला पाण्याचा टँकर हायेच. वरदचं कल्याण झालं असं समजायला हरकत नाही.

मंगळवार, २ सप्टेंबर.
सोसायटीच्या गणपतीत माझं व्याख्यान झालं. विषय : परदेशातील विद्यार्थी आणि कामाचे तास. उपस्थिती निवडक. साउंडवाला, त्याचा भाऊ, आणि मोदक स्पर्धेचा निकाल लागायची वाट पाहणाऱ्या तीन बायका. पंधरवडा या मुद्द्यावर मी विशेष भर दिला. साउंडवाल्याने दोनदा मान हलवली.
सुखदाने प्लॅनप्रमाणे पुढच्या शिफ्टा मैत्रिणींशी बदलून घेतल्या. मेसेज आला, डन.

सोमवार, १५ सप्टेंबर. ऑफिस.
सुखदाचा फोन कामाच्या वेळात आला. कधी येत नाही.
तिकडचा पंधरवडा एक ते पंधरा नसतो. कुठलाही सोमवार धरायचा आणि तिथून चौदा दिवस. म्हणजे पंधरवडे एकमेकांवर चढतात. माझे दोन दणकून आठवडे शेजारी शेजारी आले की बेरीज अठ्ठेचाळीसच्या पार बाहेर. पहिला आठवडा ती करून बसली होती. दुसऱ्याला शिफ्टा लावणाऱ्या रोस्टरच्या सॉफ्टवेअरने तिचं नावच घेतलं नाही. मग मॅनेजरीणबाईंनी तिला बसवून नियम समजावला.
सुखदा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "बाबा, सॉफ्टवेअरने अडवलं नसतं तर माझा व्हिसा गेला असता."
विचारलं, सॉफ्टवेअरमध्ये मॅन्युअल एन्ट्री होत नाही का. फोन कट झाला. नेटवर्क असेल.

सोमवार, १५ सप्टेंबर. घरी.
शांतपणे आढावा घेतला. या आठवड्याचं काम गेलं. पुढच्या आठवड्याच्या शिफ्टा माझ्याच सांगण्यावरून दुसऱ्यांना दिलेल्या. म्हणजे परीक्षेपर्यंत ती पूर्ण मोकळी. अभ्यासाला वेळ मिळवणं हाच प्लॅनचा हेतू होता. तो सफल झाला.
पद्मजाला हे सांगितलं. तिने ताट वाढलं आणि पेपर तपासायला बसली. बराच वेळ एकच पेपर धरून होती.
मला जेवण गेलं नाही. अॅसिडिटी.

रविवार, ३० नोव्हेंबर.
पास. उत्तम मार्कांनी. आळंदीहून पेढे आणले, प्रत्येक मजल्यावर वाटले. उद्धवरावांनी दोन घेतले. वरद टँकरच्या धंद्यात रुजू झाल्याचं कळलं. दूरदृष्टी सगळ्यांकडे नसते.
सुखदाने फोनवर प्लॅनचा विषय काढला नाही. मीही नाही. मोठ्या मनाची आहे पोरगी. माझ्यावर गेली.

बुधवार, ४ फेब्रुवारी २०२६.
शिक्षणानंतरचा व्हिसा आला. आता पंधरवडा नाही, अठ्ठेचाळीस नाही, मॅनेजरीण नाही. कितीही काम करा. हेच मी ऑगस्टपासून सांगत होतो. आता इंजिनिअरिंगची नोकरी, मग कायमचं राहणं, मग आम्ही दोघं सहा महिने तिकडे.
संकल्प : गरम कोट बघून ठेवणे. पद्मजा म्हणाली, नोकरी लागू दे आधी. तिचा स्वभावच तसा.

रविवार, १५ फेब्रुवारी.
नोकरीचं अजून नाही. सगळे विचारतात, इथला अनुभव आहे का. अनुभव द्यायला मात्र कोणी तयार नाही. तोवर किचनमध्ये फुल टाइम, आणि संध्याकाळी एका गोदामात पॅकिंग. सोसायटीत सांगितलं, दोन कंपन्यांत आहे.
व्हिडिओवर बोलता बोलता तिचे डोळे मिटले. पद्मजा गाजरं किसत काहीतरी सांगत होती, ती मधेच थांबली. फोन उशीला टेकलेला, अर्धा चेहरा दिसत होता. मी कट करायला गेलो तर पद्मजाने हात धरला. दोघं तिला झोपलेली बघत बसलो. मग तिकडची बॅटरी गेली.

रविवार, १ मार्च.
कॉल आला नाही. मेसेज आला. आज काम आहे, पुढच्या रविवारी नक्की.
लग्नासाठी घेतलेला माझा जुना कोट अजून होतो. एक बटण सोडून.

रविवार, ८ मार्च.
कॉल नाही.

गुरुवार, १९ मार्च. पाडवा.
गुढीचा फोटो पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं, एक हार्ट. पद्मजा म्हणाली, गोदामात फोन आत ठेवायला देत नसतील. असेल. आमच्याकडेही देत नाहीत, मीच गेटवर काढून घ्यायला लावतो.

रविवार, २२ मार्च. दुपार.
जेवणं झाली. पद्मजा फोन मांडीवर घेऊन बसली होती. सुखदाचा मेसेज आला. बाबा, आज डबल आहे, उद्याही आहे, आईला सांग.
डबल म्हणजे काय ते मला माहीत आहे. सकाळी गेटवर डबल करून निघालेली माणसं मी रोज बघतो. त्यांना हाक मारली तर ती आधी दुसरीकडे बघतात. इतकी वर्षं त्यांच्या नावापुढे मी नुसता डी लिहीत आलो.
पद्मजाने विचारलं, "कॉलेज होतं तेव्हा रविवारी मोकळी असायची. आता तिला बास म्हणणारं कोणी आहे का तिथे?"
म्हणालो, असणारच, इतका शिस्तीचा देश आहे. चष्मा लावला आणि नव्या व्हिसाचे नियम पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. या वेळी झोप लागली नाही. शेवटपर्यंत वाचले, मग पुन्हा पहिल्यापासून. तासांना मर्यादा कुठेच नाही.
पद्मजा आतून म्हणाली, सापडलं का. म्हटलं, बघतोय अजून.