मॉड फुकटच राहू दे

पोरी,

कीर्तनाला जातेय, सातपर्यंत येते. जेवण झाकून ठेवलंय.

सकाळी तू म्हणालीस, "आई, तीन वर्षं खपून दादाने गेमचा मॉड केला, आता किंमत लावूया." मी भांडी घासायला गेले. राग नव्हता गं. तुझं म्हणणं चूकही नाही. हल्ली मला राग येत नाही, रडूही येत नाही. परवा बुवांनी सगळ्यांना हसवलं, मी नुसती बसून होते.

मॉड म्हणजे दुसऱ्यांच्या गेममध्ये त्याने वरून घातलेली ती गाणारी म्हातारी, आणि तिला आवाज माझा. पंखा बंद करून मला स्वयंपाकघरात बसवलं होतं त्याने. मी म्हटलं, "घामाचे पैसे देणार का रे?" तर म्हणतो कसा, "फुकट आहे, म्हणून तर तुला घेतलं!"

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली. कंपनीने गेममध्ये बदल केले की म्हातारी मुकी होते, आणि लोक मॉडच्या नेटवरच्या पानावर लिहितात, "दादा, जरा बघा ना." गेले दोन महिने मीच त्याच्या नावाने उत्तर देतेय, "बघतो, थोडा वेळ द्या." लोक बिचारे थांबतात. फुकट घेतलेल्या वस्तूसाठी माणूस थांबतो. पैसे मोजलेला थांबणार नाही, आणि थांबावं तरी का? मग मला त्यांना लिहावं लागेल की माझा लेक गेला.

तेवढं अजून लिहिता येत नाही मला.

दूध तापवायचं राहिलंय.

आई