उणे एक अँपिअर

ता. ३ फेब्रुवारी

चि. मनीस अनेक आशीर्वाद.

सुपरवायझरच्या परीक्षेला तुझा मामा तिसऱ्यांदा बसतोय. कारखाना चौथ्यांदा बसू देत नाही. गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी शिडी बंद केली आहे, तेव्हा नापास झालो तर वायरमनकी संपली. गोदामाच्या खिडकीत बसून दुसऱ्यांना वायर काढून द्यायची.

दोन्ही वेळा एकाच गणिताने मला आडवं केलं. दोन बॅटऱ्या, तीन रेझिस्टन्स, दोन लूप, आणि प्रत्येक तारेतला करंट काढा. पुस्तकाप्रमाणे बाण काढतो, समीकरणं मांडतो आणि शेवटी उत्तर येतं उणे. तीस वर्षं तारा ओढल्या, पण उणे करंट कुठल्याच घरात भेटला नाही. मग सगळं खोडून पुन्हा मांडतो. पुन्हा उणे. घंटा होते तेव्हा कागदाला भोक पडलेलं असतं. तू कॉलेजात हेच शिकवतेस, म्हणून विचारतोय.

मामीला खुशालीचं पत्र लिहितोय असं सांगितलंय. तर सगळे खुशाल आहेत.

तुझा मठ्ठ मामा

ता. ९ फेब्रुवारी

ती. मामास सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग वाईट वाटलं. अरे, उणे म्हणजे चूक नव्हे. करंट कुठे जातोय हे आधी कळत नाही, म्हणून आपण अंदाजाने बाण काढतो. उणे आलं तर बाण उलटा पडला, एवढंच. आकडा बरोबरच असतो. तो तसाच ठेव आणि पुढे चल.

सवयीसाठी एक गणित सोडवून पाठवतेय. डावीकडे बारा व्होल्ट आणि तीन ओहम, उजवीकडे बारा व्होल्ट आणि सहा ओहम, मधल्या सामाईक तारेत दोन ओहम. डाव्या लूपचा करंट दोन, उजव्याचा उणे एक. दोन्ही बाण घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवलेत, म्हणून मधल्या तारेत ते समोरासमोर येतात; तिथे दोघांची वजाबाकी, म्हणजे एक अँपिअर. हे नीट गिरव. वर्गात माझा फार दरारा आहे. घरी साधा फ्यूज उडाला तर शेजाऱ्यांना हाक मारते.

मामीला नमस्कार, तुला काळजी करायला मनाई.

तुझी मनी

ता. २० फेब्रुवारी

चि. मनीस आशीर्वाद.

पाच दिवस गिरवलं. माझं उत्तर तीन येतं, तुझं एक. तू मास्तरीणबाई, मी शिडीवरचा माणूस; चूक माझीच, असं धरून चाललो. सहाव्या दिवशी राहवलं नाही. गॅरेजवाल्याकडून स्कूटरच्या दोन बॅटऱ्या आणल्या आणि जेवणाच्या टेबलावर तुझं गणित जोडलं. मधल्या तारेत मीटर लावला, तर तीनला किंचित कमी. अगं, दोन्ही बॅटऱ्या मधल्या तारेतच करंट ढकलतात. एकीकडून दोन आले, दुसरीकडून एक, मग कमी कसा होईल?

रेझिस्टन्स तापून टेबलक्लॉथ करपला. खुशालीच्या पत्राला बॅटऱ्या कशाला लागतात, असं मामीने विचारलं, तेव्हा सगळं कबूल करावं लागलं.

माझं चुकत असेल तर कान धर.

तुझा मामा

ता. २६ फेब्रुवारी

ती. मामास सा. न. वि. वि.

तोंड लपवायला जागा शोधतेय. दोनातून उणे एक वजा केला की तीन होतात. तुला उण्याला भिऊ नको म्हणाले आणि मीच ते उणे गिळून बसले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

हाच कागद मी वर्गालाही दिला होता. मागच्या बाकावरची एक मुलगी तीन म्हणाली, तर तिला मी खाली बसवलं. उद्या तिला फळ्यापाशी बोलावून, चूक माझी होती हे चाळीस जणांसमोर सांगणार आहे.

परीक्षेला माझा कागद नेऊ नकोस. तुझं डोकं ने.

रागावला नसशील तर तुझीच, मनी

ता. ३० मार्च

चि. मनीस आशीर्वाद.

पास झालो. गणित तेच, उत्तर उणे. खोडरबर हातात घेतलं होतं, पण उत्तर तसंच ठेवलं.

निकालानंतर साहेबांकडून आधीच्या दोन्ही प्रश्नपत्रिका मागून आणल्या आणि निवांत सोडवल्या. दोन्ही वेळा माझं पहिलं उत्तरच बरोबर होतं. ते आकडे मला पाठ आहेत, इतक्यांदा खोडले आहेत. आधी हसू आलं, मग दोन्ही कागद उलटे करून ठेवले. मामीला वाटलं, निकालात काही घोटाळा निघाला.

एक सरळ सांगतो. पहिल्यांदा नापास झालो त्याच दिवशी तुला पत्र लिहायला बसलो होतो. जिला तार सोलायला मी शिकवलं त्याच पोरीला विचारायचं, याची लाज वाटली. कागद परत ठेवून दिला. तू चाळीस पोरांसमोर एका दिवसात जे केलंस, त्याला मला दोन वर्षं लागली.

आहे ती माया राहू दे.

मामा