आबांची पैज

आटपाडी,
६ मे २०२४

प्रिय सोनिया,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे. ऊन रग्गड आहे. तुझ्या दादाने गोठ्यावर नवं छप्पर घातलं. जावईबापूंना माझा नमस्कार सांग. फोन हातात घेतला की आबा अंगणातूनच कान टवकारतात, म्हणून हे पत्र.

तू पाठवलेली कादंबरी म्हणजे नाद खुळा! अमेरिकेतलं ते वाळवंट, ती धूळ, काटेरी झुडपं, कोसावर एखादं घर आणि विहिरीत सापडलेलं प्रेत. खोटं कशाला सांगू, मला तर आपला माणदेशच वाटला, नुसत्या टोप्या वेगळ्या. रोज संध्याकाळी मी मोठ्याने वाचते आणि आबा ‘आपल्याला काय त्याचं’ असं तोंड करून थोडे थोडे जवळ सरकतात.

परवा मेंढ्यांच्या मालकाची जबानी आली. तो पोलिसांना सांगतो, खून झाला त्या भर दुपारी मी माळावर मेंढरं चारत होतो. आबा ताडकन उठले.

“लबाड हाय त्यो! आगं, उनाच्या कारात मेंढरं चरत्यात व्हय? एकमेकीच्या पोटाखाली मुंडी घालून हुबी ऱ्हात्यात, हाणली तरी हालत न्हाईत. खुनी त्योच!”

मी म्हटलं, “आणि नसला तर?”

“नसला तर...” आबा माळाकडे वळले. “तर कराडच्या त्या ऊसवाल्याला माझ्या हातानं मटण वाढीन. पन शेवट तू वाचू नगं. सोनीला येऊन वाचू दे.”

जावईबापू अजून ‘ऊसवाला’च, पण तुला सोनी म्हणाले गं! तू तुझ्या मनाने लग्न केलंस तेव्हापासून बापलेकीत अबोला, घरात तुझं नाव काढायचीही बंदी. ती त्यांनीच मोडली. मी चुलीकडे तोंड फिरवून रडून घेतलं.

आता खरं सांगते. शेवट मी गुपचूप वाचलाय. आबांचं बरोबर आहे, खुनी तोच. पण तू येशील तेव्हा दुसऱ्याच कुणाचं नाव बेधडक वाच. तो दारूच्या गुत्त्याचा मालक चालेल. पकडली जाशील म्हणून घाबरू नकोस. मेंढरांच्या बाबतीत आपण चुकत नाही, हे आबांना पक्कं ठाऊक आहे. तरी पैज लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाजाराला काढलेला बोकड त्यांनी परत दावणीला बांधलाय.

येत्या रविवारी या, दोघंही. जावईबापूंना सांग, वाटेत काही खाऊ नका.

हरायला टपून बसलेल्या म्हाताऱ्याची सून आणि तुझी वहिनी,
अंजना