कुंपणाबाहेरच्या उतारावरील कबरी आणि श्रीमती एडना जू यांचे दफन

प्रति,
मा. सचिव,
स्मशानभूमी मंडळ,
क्वार्ट्झ बेंड, कॅलिफोर्निया.

विषय : स्मशानभूमीच्या कुंपणाबाहेर दक्षिण उतारावरील जुन्या चिनी कबरींपाशी कै. श्रीमती एडना जू यांचे दफन करण्यास व तेथे स्मारकशिला उभारण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : चिनी वंशज मंडळाचा स्मारकासाठीचा अर्ज आणि तो नाकारणारे आपले पत्र.

अर्जदार : नॉर्मन जू, निवृत्त शिक्षक, सचिव, चिनी वंशज मंडळ.

महोदय,

१. कै. एडना जू (वय ८४) या अर्जदाराच्या काकू. त्यांचे निधन मंगळवारी झाले असून देह अंत्यविधीगृहात आहे. सबब हा अर्ज तातडीचा समजावा.

२. सदर उतारावर खाणीत आणि पाटाच्या कामावर मेलेले चिनी मजूर पुरलेले आहेत. त्या काळी त्यांना कुंपणाच्या आत जागा नव्हती. काही वर्षांनी चीनमधल्या गावाकडचा माणूस येई, हाडे उकरून, धुऊन, पेटीत भरून समुद्रापार घरी नेई. ज्यांच्यासाठी कोणी आले नाही ते तिथेच राहिले. त्यांच्या लाकडी पाट्या वणव्यात जळाल्या. पुढे नगरपरिषदेने त्याच जागी कुत्री मोकळी सोडण्यासाठी मैदान केले. जू घराण्याचा एक पूर्वज त्या मातीत आहे, पण नेमका कुठे ते कोणालाच ठाऊक नाही. त्यामुळे काकू दर वसंतात उकडलेली कोंबडी आणि संत्री घेऊन जात आणि सगळ्यांनाच वाढत. त्यांची पाठ वळली की कुत्री ते खात.

३. गेल्या हिवाळ्यात उताराची माती घसरली. त्यानंतर एके सकाळी श्रीमती पेट्रा ओल्सन या बाई टॉवेलात काहीतरी गुंडाळून काकूंच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या कुत्र्याने मैदानातून माणसाचा खालचा जबडा उचलून आणला होता. त्यांनी तो नळाखाली धुतला होता. गावात आणखी कोणाकडे न्यावा हे त्यांना सुचले नाही, असे त्या रडत रडत सांगत होत्या.

४. पोलीस अधिकारी येऊन पाहून गेले. हाड जुने आहे, गुन्ह्याचा संबंध नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. आपल्या कार्यालयाने फोनवर कळवले की हाड कुंपणाबाहेरचे असल्याने ते मंडळाच्या अखत्यारीत येत नाही. नगरपरिषदेने मानवी अवशेषांचा विषय स्मशानभूमी मंडळाचा असल्याचे सांगितले. अशा रीतीने तो जबडा काकूंच्याच घरी राहिला. काकांच्या तसबिरीशेजारी त्यांनी त्याला स्वच्छ रुमालावर ठेवले आणि समोर भाताचा वाडगा मांडला.

५. अर्जदाराने आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवले. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता, हे इथे मुद्दाम नमूद करतो. काकू पाय घसरून पडल्या म्हणून तो त्यांच्याकडे राहायला गेला, तेव्हा भर दुपारी जबडा ठेवलेल्या खोलीतून खोकला ऐकू आला. कोरडा, खोल, छातीत धूळ बसलेल्या माणसाचा. खोलीत कोणी नव्हते. अर्जदाराने काकूंना विचारले, तर त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मलाही आधी वाटलं तूच आहेस." आणि थोड्या वेळाने, "तो एकटा नाही रे आलेला. बाकीचे मागच्या अंगणात थांबलेत. आत या म्हटलं तर लाजतात."

६. त्यानंतर काकू मोठ्या पातेल्यात तांदळाची पेज करू लागल्या आणि वाडगे भरून मागच्या पायऱ्यांवर ठेवू लागल्या. यावर शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि नगरपरिषदेने जंगली प्राण्यांना खाऊ घातल्याबद्दल काकूंना नोटीस बजावली. नोटिशीत रॅकूनचा उल्लेख आहे. काकूंनी ती अर्जदाराकडून वाचून घेतली आणि एवढेच विचारले, की इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरकारने अंगणातल्यांची दखल घेतली, तीही अशी का?

७. आमच्या मंडळाने स्मारकासाठी अर्ज केला. आपण उत्तर दिलेत की नियमानुसार शिला उभारण्यासाठी त्या जागी दफन झालेल्या किमान एका व्यक्तीचे नाव व मृत्यूची तारीख लागते. नावे नसल्यास विचार करता येत नाही. हे पत्र काकूंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "नाव हवंय ना त्यांना? माझं घ्या. तारीखही मिळेल लवकरच."

कुंपणाच्या आत, काका हेन्री यांच्या शेजारी त्यांची जागा राखीव आहे. तिचे काय, असे अर्जदाराने विचारले. त्यावर उत्तर आले, "हेन्रीशी बोलले मी. तो म्हणाला, तू जा, मी कुठे पळून चाललोय?" त्यांनी दोन साक्षीदारांसमोर तसे लिहून सही केली.

८. मंगळवारी काकू चुलीपाशी बसल्या बसल्या गेल्या. पातेल्यात पेज तयार होती. अर्जदाराने ती त्या दिवशी वाढली नाही; सुचलेच नाही, हे खरे कारण. दुसऱ्या दिवशी सकाळपासून अंगणातून खोकला येऊ लागला. एकाचा नव्हे, अनेकांचा, वेगवेगळ्या वयांच्या माणसांचा, कुठल्यातरी दारापुढे रांगेत तिष्ठत असल्यासारखा. त्यात एक आवाज पोराचा म्हणावा इतका कोवळा होता. दुपारपर्यंत अर्जदाराने ते सहन केले. मग तांदूळ धुतले. आता पेज तो करतो. त्याला ती काकूंसारखी जमत नाही, पण वाडगे ठेवले की अंगण शांत होते.

९. तरी विनंती अशी की, काकूंचे दफन, त्या जबड्यासह, सदर उतारावर करण्यास परवानगी द्यावी. नियमाला हवे ते नाव व तारीख यायोगे उपलब्ध होत आहे. शिलेवर काकूंच्या नावाखाली जागा कोरी सोडली जाईल. मैदान अन्यत्र हलवावे. श्रीमती ओल्सन यांनी आपल्या कुत्र्याला तिथे नेणे केव्हाच बंद केले आहे.

अंत्यविधी शनिवारी सकाळी दहा वाजता आहे. परवानगी आली तर उतारावर. न आली तरी उतारावरच. तशा वेळी कोणावर कारवाई करावयाची झाल्यास अर्जदार फावडे घेऊन तिथेच उभा असेल. त्याला शोधत फिरण्याची तसदी आपणांस पडणार नाही.

आपला नम्र,
नॉर्मन जू
गुरुवार, १७ एप्रिल

सोबत :
काकूंचे सही केलेले इच्छापत्र
श्रीमती ओल्सन यांचे निवेदन
रॅकूनसंबंधी नोटिशीची प्रत